कांडलेल्या खेकड्याचं पाणी

हनोईच्या जुन्या पेठेत एका अरुंद गल्लीच्या तोंडाशी एक बाई मोठं पातेलं घेऊन बसली होती. पुढ्यात प्लॅस्टिकची आठ-दहा बुटकी स्टुलं होती. पाटी व्हिएतनामी भाषेत होती, पण ती वाचायची गरज नव्हती, कारण तिच्याकडे मिळायचा तो एकच पदार्थ. तिने वाडग्यात तांदळाच्या पांढऱ्या ओल्या शेवया घातल्या, टोमॅटोच्या फोडी घातल्या आणि पातेल्यावर तरंगणारा करडा-तपकिरी थर पळीने अलगद उचलून वर ठेवला. मग गरम रस्सा ओतला. मी पहिला घोट घेतला आणि तिथेच थांबले. ही चव मला ठाऊक होती. काही वर्षांपूर्वी पालघर जिल्ह्यात, तलासरी तालुक्यातल्या एका पाड्यावर, आषाढातल्या मुसळधार पावसात, ॲल्युमिनियमच्या ताटलीत भाकरी कुस्करून मी हेच खाल्लं होतं.

त्या वाडग्याचं नाव बुन रिऊ कुआ. बुन म्हणजे तांदळाच्या शेवया, रिऊ म्हणजे किंचित आंबट रस्सा आणि कुआ म्हणजे खेकडा. हा खेकडा समुद्रातला नसतो. उत्तर व्हिएतनाममध्ये लाल नदीच्या खोऱ्यातल्या भातखाचरांत तो राहतो. तिथे त्याला म्हणतात कुआ डोंग, म्हणजे शेतातला खेकडा.

या दिवाळी अंकासाठी संपादकांनी ‘परकी चव, आपलं ताट’ हा विषय कळवला, तेव्हा त्यांच्या मनात मुंबई-पुण्यातली नवी हॉटेलं असावीत. माझ्या मनात मात्र त्या पाड्यावरची ताटली आली. खेकडा आणि शेवया हे दोन्ही जिन्नस डहाणू-तलासरीत आहेत, तांदूळ आहे, खेकडा ठेचून त्याचं पाणी काढण्याची विद्याही आहे. मग हनोईत जे गल्लीच्या तोंडाशी कुणालाही परवडेल अशा किमतीत मिळतं, ते इथे घराच्या उंबऱ्याबाहेर का येत नाही? हे पाहायला मी यंदा आषाढात पुन्हा तिकडे गेले.

स्टेशनबाहेरच्या शेवया

चर्चगेटपासून सुमारे सव्वाशे किलोमीटरवर डहाणू रोड स्टेशन आहे. १६ एप्रिल २०१३ पासून मुंबईची लोकल इथवर येऊ लागली आणि स्टेशनाबाहेरची संध्याकाळ लोकलच्या वेळापत्रकाला बांधली गेली. गाडी आली की माणसांचा लोंढा पुलावरून उतरतो, रिक्षा भरतात आणि चायनीजच्या गाड्यांवरचे बर्नर भडकतात.

डहाणूत व्हिएतनामी जेवण मला कुठे सापडलं नाही. नूडल्स मात्र जागोजागी आहेत. एका गाडीपाशी मी तासभर उभी राहिले. दुपारीच उकडून, तेल लावून ठेवलेल्या मैद्याच्या नूडल्सचा ढीग एका परातीत होता. शेजारी चिरलेला कोबी, सिमला मिरची, गाजर आणि लाल चटणीचा डबा. मुलगा कढई तापवतो, तेल सोडतो, भाजी टाकतो आणि मोठ्या आचेवर दोन-तीन मिनिटांत प्लेट तयार करतो. खाणाऱ्यांत बांधकामावरचे मजूर होते, फुग्यांच्या कारखान्यातून सुटलेल्या मुली होत्या, क्लासवरून घरी निघालेली कॉलेजची मुलं होती. चिंचणी-वरोरकडचा एक डायमेकर होता. सोन्याच्या दागिन्यांचे साचे कोरणारा हा माणूस दिवसभर मान खाली घालून बसतो आणि संध्याकाळी इथे उभ्याने खातो. घरी जाऊन जेवायचंच असतं, पण मधल्या भुकेला इतकं झटपट आणि इतकं गरम दुसरं काही मिळत नाही, असं त्याने सांगितलं.

या गाडीला नावं ठेवणं सोपं आहे. मला ते पटत नाही. आपल्याकडचं चायनीज हे मुळात इथेच घडलेलं खाणं आहे. चिकन मांचुरियनचा जन्म मुंबईत झाला आणि तो शेफ नेल्सन वाँग यांच्या नावावर सांगितला जातो. शेजवान चटणीही आपल्याच जिभेसाठी तिखट झाली. परक्या पदार्थाला आपलंसं करण्याची ताकद या गाड्यांनी दाखवली आहे. मला खटकलं ते वेगळंच. भाताच्या मुलखात, खाडीपासून हाकेच्या अंतरावर शेवया खाल्ल्या जातात त्या मैद्याच्या, आणि त्यांच्यावर पडतं बाटलीतलं सॉस. गाडीवाल्या मुलाला मी विचारलं, “चिंबोरी घालून कधी केलंस का?” तो म्हणाला, “ताई, चिंबोरी महाग. आणि ती सोलत बसायला वेळ कुणाला?”

त्याच्या उत्तरात दोन गोष्टी होत्या, किंमत आणि मेहनत. पुढचे दोन दिवस मी त्यांचाच माग काढत फिरले.

खाडीतली चिंबोरी

जून आणि जुलै हे दोन महिने यांत्रिक होड्यांना समुद्र बंद असतो. माशांच्या विणीचा हा काळ. डोलजाळी सुकत पडतात, होड्या किनाऱ्यावर ओढून ताडपत्रीखाली झाकल्या जातात. बोंबील, मांदेली, कोळंबी यांची आवक आटते आणि मासळीबाजारात सुक्या मासळीचे वाटे मांडले जातात. अशा दिवसांत खाडी घर चालवते. कांदळवनाच्या मुळांत, चिखलातल्या बिळांत राहणारी काळपट-हिरवी मोठी चिंबोरी याच दिवसांत कामाला येते.

डहाणूच्या किनाऱ्यावर मांगेला, माच्छी, वैती अशा मासेमार समाजांची वस्ती आहे. समुद्र पुरुषांचा, बाजार बायकांचा आणि खाडी दोघांची, अशी इथली वाटणी. चिंबोरी धरायच्या दोन रीती मला पाहायला मिळाल्या. एकीत लोखंडी कड्याला बांधलेलं गोल जाळं असतं. त्याच्या मध्ये माशाचं डोकं बांधून ते भरतीच्या पाण्यात सोडतात आणि थोड्या थोड्या वेळाने उचलून बघतात. ठाणे-उरणकडे त्याला फग म्हणतात. दुसरी रीत ओहोटीची. गुडघाभर चिखलात शिरून बिळात टोकाला वाकवलेली लोखंडी सळई घालायची आणि चिंबोरीने ती धरली की हळूहळू ओढायची. घाई केली की नांगी तुटते आणि नांगी तुटलेल्या चिंबोरीचा भाव निम्म्यावर येतो.

बाजारातल्या एका काकींनी मला चिंबोरी पारखायला शिकवलं. आधी ती हातात घेऊन वजन बघायचं. दिसायला मोठी पण हाताला हलकी असेल तर नुकतीच कात टाकलेली असते, तिच्यात मांसापेक्षा पाणी जास्त. मग पोटाकडून अंगठ्याने दाबायचं, कवच दबलं तर ठेवून द्यायची. पोटावरची झडप अरुंद, त्रिकोणी असेल तर नर आणि रुंद, गोलसर असेल तर मादी. मादीच्या कवचाखाली केशरी लाख भरलेली असते, तिच्यासाठी गिऱ्हाईक दोन पैसे जास्त देतं. “अवसेची चिंबोरी भरलेली, पुनवेची पोकळ,” काकी म्हणाल्या. किनाऱ्यावर सगळीकडे हा हिशोब पाळतात.

भाव विचारला तेव्हा गाडीवाल्या मुलाचं म्हणणं पटलं. मोठी चिंबोरी सुतळीने नांग्या बांधून, ओल्या गोणपाटात जिवंत ठेवतात. तिला व्यापारी आधीच गाठून असतो. खाडीची जिवंत चिंबोरी भारतातून आग्नेय आशियात आणि चीनकडे जाते. तिथल्या मोठ्या हॉटेलांत तिला जो मान आहे, तो इथल्या किनाऱ्यावरचा भाव ठरवतो. ज्या बाईने ती चिखलातून काढली, तिच्या घरी मोठी चिंबोरी क्वचितच शिजते. घरच्या पातेल्यात जातात त्या लहान, नांगी तुटलेल्या, व्यापाऱ्याने बाजूला काढलेल्या. त्या ठेचून, गाळून त्यांचा रस्सा होतो.

काकींना मी हनोईच्या वाडग्याबद्दल सांगितलं. त्यांनी शांतपणे ऐकून घेतलं आणि म्हणाल्या, “मग तुम्ही खाडीवर कशाला आलात? शेतातला खेकडा पाहिजे ना, वर जा. तलासरीला.”

बांधावरचा खेकडा

डहाणू-तलासरीत ‘वर’ म्हणजे पूर्वेकडे. रेल्वे ओलांडली की चिकूच्या वाड्या मागे पडतात, महामार्ग ओलांडला की चढउतार सुरू होतो आणि भातखाचरं पायऱ्यांसारखी उतरत जातात. हा वारल्यांचा मुलूख. पहिला मोठा पाऊस पडतो त्या रात्री इथल्या पाड्यांवर कुणी लवकर झोपत नाही. नाल्याला पाणी सुटतं, मासे उलट्या प्रवाहाने शेतांकडे चढतात आणि उन्हाळाभर जमिनीत खोल दडून बसलेले खेकडे वर येतात. पूर्वी मशाली असत, आता हातात बॅटऱ्या असतात. उजेड डोळ्यांवर पडला की खेकडा क्षणभर थबकतो. तेवढ्यात मागून पाठीवर बोट दाबून तो उचलायचा. नांगी कुठवर वळते हे सहा-सात वर्षांच्या पोरांनाही पक्कं ठाऊक असतं.

गोड्या पाण्याचा हा खेकडा समुद्रातल्या भाऊबंदांहून एका बाबतीत अगदी वेगळा आहे. समुद्री खेकड्याची अंडी फुटली की अळ्या पाण्यावर तरंगत दूरवर जातात. शेतातल्या खेकड्याची अळी होत नाही. अंड्यातून थेट चिमुकला खेकडा बाहेर येतो आणि काही दिवस आईच्या पोटाखालच्या झडपेत राहतो. त्यामुळे एका ओढ्यातला खेकडा संपला तर दुसरीकडून वाहत येऊन ती जागा लवकर भरत नाही. व्हिएतनामच्या खाचरातला खेकडाही याच कुळातला आणि असाच वाढणारा.

शेतकऱ्याचं आणि खेकड्याचं नातं सरळ नाही. तो बांधात बीळ करतो आणि खाचरात अडवलेलं पाणी रात्रीतून खालच्या शेतात उतरतं. सकाळी उठून बांध बुजवायचा हे आवणीच्या दिवसांतलं रोजचं काम. म्हणून खेकडा धरणं हे शेतीचंही काम आहे. बांध वाचतो आणि दुपारच्या भाकरीला कालवण होतं.

हे कालवण कोणत्या महिन्यात येतं ते लक्षात घ्यायला हवं. ज्येष्ठ-आषाढात घरातलं गेल्या वर्षीचं धान्य संपत आलेलं असतं आणि नवं भात दिवाळीच्या सुमारास येतं. सावकारी होती तेव्हा या महिन्यांत खावटी काढावी लागे आणि ती फेडताना सुगीतलं भात खळ्यावरूनच निघून जाई. २३ मे १९४५ रोजी तलासरीजवळच्या झरी गावात वारल्यांची परिषद भरली. वेठबिगारी करणार नाही, अशी शपथ तिथे घेतली गेली. वारल्यांच्या लढ्यात असलेल्या गोदावरी परुळेकर यांनी ‘जेव्हा माणूस जागा होतो’ या पुस्तकात त्या काळाची हकिगत लिहून ठेवली आहे. जंगलातला कडूकंद वाहत्या पाण्यात ठेवून, त्याचा कडवटपणा काढून खाण्याचे ते दिवस. जमीन मालकाची, धान्य सावकाराचं, पण ओढ्यातल्या खेकड्यावर कुणाची वही नव्हती. पोराबाळांच्या पोटात अडीनडीला सकस असं काही गेलं असेल, तर त्यात याचा वाटा मोठा.

म्हणूनच या खाण्याला गरिबीचा शिक्का बसला. एका शिक्षकाने मला सांगितलं की वर्गात ‘काल काय खाल्लं’ असं विचारलं की मुलं खेकड्याचं नाव सांगत नाहीत, मॅगीचं सांगतात. ज्या समाजाची चित्रकला गंजाडच्या जिव्या सोमा मशे यांनी जगभर नेली, ज्यांनी कागदभर पसरलेलं मासेमारीचं जाळं रंगवलं आणि २०११ साली पद्मश्री मिळवली, त्या समाजातल्या मुलाला ओढ्यातलं आपलं जेवण सांगायला लाज वाटावी, हे मला फार लागलं.

उखळ, फडकं आणि न ढवळलेलं पातेलं

पाड्यावर ज्या घरी मी गेले तिथल्या मावशींना मी आधीच निरोप पाठवला होता. माझ्या पिशवीत पितळेचा सोऱ्या होता. माझं आजोळ मालवणचं. तिथे तांदळाच्या पिठाचे गोळे उकळत्या पाण्यात शिजवतात, गरम असतानाच साच्यात घालून दाबतात आणि पडलेल्या शिरवाळ्या नारळाच्या गोड रसात बुडवून खातात. तांदळाच्या शेवया मराठी माणसाला नव्या नाहीत. त्या तिखट रश्श्यात कधी पडल्या नाहीत, एवढंच.

टोपलीत पंचवीस-तीस खेकडे होते, बहुतेक लिंबाएवढे. मावशींनी एकेक धुतला, पाठीचं कवच उचकटलं, बाजूचे मऊ करडे कल्ले काढून टाकले. कवचात चिकटलेला पिवळट लगदा काडीने खरवडून वेगळ्या वाटीत ठेवला. हनोईची बाईही तो असाच वेगळा ठेवते, शेवटच्या फोडणीसाठी. दोघी एकमेकींना कधी भेटणार नाहीत. पण खेकड्याचं तेल लवकर करपतं आणि सगळी चव त्यातच असते, हे दोघींना हातांनी शिकवलं आहे.

मग उरलेलं धड आणि पाय उखळात गेले. खडे मीठ घालून मावशी कांडू लागल्या. आधी कवच फुटल्याचा करकर आवाज आला, मग तो जड होत गेला आणि शेवटी ओल्या मातीत पाय पडावा तसा झाला. कांडलेला लगदा पाण्यात कालवून त्यांनी फडक्यातून पिळला. चोथा पुन्हा पाण्यात घातला, पुन्हा पिळला. पातेल्यात राखाडी, गढूळ, मातकट वासाचं पाणी जमलं. ते थोडा वेळ तसंच ठेवलं आणि तळाशी बसलेली बारीक वाळू सोडून वरचं दुसऱ्या पातेल्यात ओतलं.

इथवर तलासरी आणि हनोई यांत काही फरक नाही. पुढे मात्र वाट फुटते. मावशींच्या रीतीप्रमाणे या पाण्यात हळद, ठेचलेली लसूण-मिरची घालायची आणि उकळी येईपर्यंत ढवळत राहायचं. रस्सा दाटायला तांदळाचं थोडं पीठ लावायचं. खेकड्याचं मांस त्यात बारीक कणीसारखं पसरतं आणि भाकरीला छान धरतं. व्हिएतनाममध्ये पाणी मंद आचेवर ठेवतात, कोमट होईपर्यंत हलवतात आणि मग पळी बाजूला ठेवून देतात.

“आज ढवळू नका,” मी म्हटलं. मावशींना ते अवघड गेलं. त्यांचा हात दोनदा पळीकडे गेला आणि परतला. चुलीतली दोन लाकडं मागे ओढली. पाच-सात मिनिटांनी पातेल्याच्या कडेने पांढुरके धागे दिसले, ते एकमेकांना चिकटले, वर आले आणि बघता बघता पाण्यावर मऊ साय धरली. खाली रस्सा नितळ होत गेला. मावशी वाकून बघत राहिल्या. म्हणाल्या, “दूध फाटतं तसं झालं.”

अगदी तेच झालं होतं. कांडताना आणि मिठामुळे खेकड्याच्या मांसातली प्रथिनं पाण्यात उतरतात. आच लागली की ती गोठतात आणि हलकी होऊन वर येतात. येताना पाण्यातला गढूळपणाही आपल्यात गुंडाळून आणतात, म्हणून खालचा रस्सा स्वच्छ होतो. मध्येच ढवळलं तर साय मोडते. एका मूठभर खेकड्यातून चमच्याने उचलून खाता येईल असा घट्ट घास मिळवायची ही युक्ती आहे. सोलून मांस काढायचं म्हटलं तर एवढाल्या खेकड्यात हाताला काहीच लागलं नसतं.

शेवयांनी मात्र आम्हाला दमवलं. तांदळाच्या पिठाची उकड काढली, मळली, सोऱ्यातून थेट उकळत्या पाण्यात पाडली. पहिला घाणा तुटला आणि त्याची पेज झाली. दुसऱ्यांदा उकड जास्त शिजवली, गरम असतानाच हाताला पाणी लावून खूप मळली, तेव्हा शेवया टिकल्या. गव्हात चिकटून धरणारा पदार्थ असतो, तांदळात तो नसतो. तांदळाची शेवई टिकते ती पिठातला स्टार्च आधी अर्धवट शिजवल्यामुळे. व्हिएतनाममधले कारागीर त्याआधी तांदूळ भिजवून आंबवतात, ओला दळतात, पाणी दाबून काढतात, आणि शिजलेल्या शेवया थंड पाण्यात धुतात. त्यांना फार मऊ, चिकट तांदूळ चालत नाही, मोकळा भात होणारा लागतो. तसा तांदूळ या जिल्ह्यात पिढ्यान् पिढ्या पिकतो.

शेवटी वाटीतला पिवळा लगदा लसणीच्या फोडणीत परतला, त्यात टोमॅटो घातला, आंबटपणाला चिंचेचा कोळ घातला आणि ते सगळं सायीला धक्का न लावता कडेने पातेल्यात सोडलं. ताटल्यांत शेवया, वर साय, वर रस्सा. माम तोम नावाचं त्यांचं कोळंबीचं आंबवलेलं वाटण आमच्याकडे नव्हतं. त्याऐवजी मावशींनी भाजलेला जवळा चुरून टाकला आणि तो छान लागला.

घरातल्या आजोबांनी शेवया बाजूला सारून रश्श्यात भाकरी कुस्करली. मावशींनी साय आधी खाल्ली आणि मान हलवली. आश्रमशाळेतून सुट्टीवर आलेली त्यांची नात दुसऱ्यांदा ताटली पुढे करत म्हणाली, “ही आपल्या तांदळाची मॅगी.” पातेलं रिकामं झालं.

एकच पदार्थ, एकच पातेलं

व्हिएतनाममध्ये हे खाणं स्वस्त कसं राहिलं, याची कारणं त्या पातेल्यापाशीच दिसतात. दुकानात पदार्थ एकच असतो, त्यामुळे काही वाया जात नाही. बसायला बुटकी स्टुलं आणि फुटपाथचा कोपरा पुरतो, भाडं फार लागत नाही. शेवया घरी करत नाहीत, रोज पहाटे ताज्या विकत आणतात. खेकडा साफ करून, यंत्रावर दळून देणाऱ्या बाया बाजारातच बसलेल्या असतात. म्हणजे जी मेहनत एका घरात दोन तास घेते, ती चार हातांत वाटली गेली आहे. शेतातला खेकडा कमी पडू लागला तसे तिथले शेतकरी तळ्यांत आणि खाचरांत तो पाळूही लागले.

असं साधं खाणं राजमान्य व्हायलाही एखादा प्रसंग लागतो. मे २०१६ मध्ये अमेरिकेचे राष्ट्राध्यक्ष बराक ओबामा हनोईत शेफ आणि लेखक अँथनी बोर्डेन यांच्याबरोबर एका साध्या खाणावळीत प्लॅस्टिकच्या स्टुलावर बसून भाजलेलं मांस आणि तांदळाच्या शेवया जेवले. दोघांचं मिळून बिल झालं ६ डॉलर. हनोईकर ते आधीही अभिमानाने खात होते. जगाला ते त्या दिवशी दिसलं.

डहाणू-बोर्डीला सुट्टीत येणारा पाहुणा सुरमई-पापलेट मागतो आणि खाणावळवाला तेच आणून ठेवतो. एका खाणावळीच्या मालकिणीला मी विचारलं की पावसाळ्यात शेतातल्या खेकड्याचा रस्सा का ठेवत नाही. त्यांनी तीन अडचणी सांगितल्या. खेकडा रोज ठरल्याप्रमाणे येत नाही. आला तर साफ करायला बाई लागते. आणि पाहुण्यांना ते ‘गावठी’ वाटेल अशी भीती आहे. पहिल्या दोन अडचणींवर उपाय आहे. पाड्यावरच्या बचत गटाने खेकडा साफ करून, कांडून, गाळून पाणी द्यायचं आणि खाणावळीने ते त्याच दिवशी उकळायचं, एवढी साखळी बसली तरी पुरे. हे पाणी लवकर नासतं, म्हणून सकाळचं सकाळीच शिजायला हवं. गोड्या पाण्यातल्या खेकड्यात फुप्फुसाला त्रास देणारे कृमी असू शकतात, म्हणून ते खळखळून उकळल्याशिवाय तोंडाला लावू नये. तिसरी अडचण मनातली आहे. ती खाणाऱ्यांनी दूर करायची आहे.

खाडी राहिली तर

या मुलखाला निसर्ग राखण्याची लढाई नवी नाही. २० जून १९९१ रोजी केंद्र सरकारने डहाणू तालुका पर्यावरणदृष्ट्या संवेदनशील म्हणून जाहीर केला. पुढे सर्वोच्च न्यायालयाच्या आदेशावरून १९९६ मध्ये डहाणू तालुका पर्यावरण संरक्षण प्राधिकरण स्थापन झालं. न्यायमूर्ती चंद्रशेखर धर्माधिकारी यांनी जानेवारी २०१९ मध्ये निधन होईपर्यंत त्याचं अध्यक्षपद सांभाळलं. डहाणूच्या खाडीकाठी कांदळवन दिसतं आणि चिकूच्या वाड्या उभ्या आहेत, त्यात या संरक्षणाचा वाटा आहे.

आता याच तालुक्यात नवी लढाई आहे: ३० ऑगस्ट २०२४ रोजी इथल्या वाढवण बंदराची पायाभरणी झाली. खर्चाचा अंदाज ७६,००० कोटी रुपयांच्या वर आहे आणि समुद्रात १,४४८ हेक्टर भराव नियोजित आहे. सरकार रोजगाराचं आश्वासन देतं. किनाऱ्यावरचे मासेमार गेली कित्येक वर्षं विरोधात उभे आहेत, कारण भराव पडणार तो त्यांच्या जाळ्यांच्या जागी. वरच्या अंगाला द्रुतगती महामार्ग आणि बुलेट ट्रेनचे खांब भातखाचरांतून गेले आहेत. जिथे ओढ्याचा प्रवाह अडला, तिथे पहिल्या पावसात खेकडा वर येत नाही, असं पाड्यावरची माणसं सांगतात.

हायफाँग हे व्हिएतनामचं मोठं बंदर आहे. तिथेही खेकडा आणि शेवयांचा एक प्रसिद्ध वाडगा आहे, बान दा कुआ, तपकिरी रंगाच्या चपट्या तांदळाच्या शेवयांचा. बंदराचं शहर आपल्या खेकड्याच्या नावाने ओळखलं जाऊ शकतं, पण त्यासाठी भोवतीचं शेत जिवंत राहावं लागतं. डहाणूच्या बाबतीत हे कोण पाहणार, याचं उत्तर आज मागायला हवं. वाढवणच्या बाया ते मागत आहेत. त्यांच्या बाजूने मी उभी आहे.

पुढचा पाऊस

हा अंक तुमच्या हाती पडेल तेव्हा तलासरीत भात कापून झालेलं असेल. वाघबारशीला वाघोबाची पूजा होईल, धान्यदेवता कणसरीचं नवं धान्य घरात येईल आणि खाचरं सुकल्यावर खेकडा पुन्हा जमिनीत खोल जाईल. आता त्याला शोधायला जाऊ नये.

पुढच्या पावसाळ्यात डहाणूला गेलात तर खाणावळीत पापलेट मागण्याआधी एकदा विचारा, “शेतातल्या खेकड्याचा रस्सा आहे का?” दहा जणांनी विचारलं तर अकराव्याला तो मिळेल. खाणावळवाल्यांना सांगणं एवढंच की पातेलं एकदा न ढवळता ठेवून बघा. आणि पाड्यावरच्या पोरांनो, पोटाखाली पिल्लं असलेली मादी सापडली तर ती तिथेच सोडा. तुमच्या आजीने कांडलेलं पाणी ही आपल्या भातशेतीची विद्या आहे, शाळेत विचारलं तर मान वर करून सांगा.

डहाणूत पाऊस जूनच्या मध्याला येतो. खेकडा त्याच रात्री निघतो.